ग्रिल पेटतं, पण तापत नाही: पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका दुखण्याचा माग

ओळखीत कुणाचं गॅसचं बार्बेक्यू ग्रिल रुसलं की मला फोन येतो. मी काही कारागीर नाही. स्वतःचं ग्रिल तीनदा खोलून जोडलं, तेव्हापासून हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. तक्रार जवळजवळ दरवेळी तीच असते: पेटतं, पण तापत नाही. आणि मी पोचेपर्यंत मालकाने एक काम हमखास केलेलं असतं. जाळी घासून घासून लख्ख केलेली असते.

जाळीचा या दुखण्याशी संबंध नसतो. गॅस आणि हवा ज्या वाटेने बर्नरपर्यंत येतात त्या वाटेत कुठेतरी अडथळा असतो, आणि ती वाट जाळीच्या बरीच खाली, नजरेआड असते. म्हणूनच जाळी कितीही घासली तरी महिन्याभराने तेच रडगाणं.

खाली आधी लक्षणं लिहितो, मग तपासण्या. क्रम मुद्दाम लावला आहे. पहिल्या दोन-तीन गोष्टींना पैसा लागत नाही, हातही काळे होत नाहीत. शेवटी जे उरतं ते तुम्ही किंवा मी करायचं नाही.

लक्षणं

सगळे नॉब पूर्ण उघडले तरी ज्योत बुटकीच. झाकण लावून पंधरा मिनिटं झाली तरी तापमानाचा काटा १२० ते १५० अंश सेल्सियसच्या आसपास घुटमळतो, पुढे सरकत नाही.

एक बर्नर जोमात आणि शेजारचा अर्धवट, म्हणजे नॉबकडची बाजू पेटलेली, पलीकडचं टोक गार.

ज्योत निळी नाही. पिवळी, लांब, डुलणारी. जाळीच्या पोटाला आणि भांड्याला काजळी धरते.

याच्या उलट, ज्योत बर्नर सोडून वर उचलल्यासारखी दिसते आणि फुरफुर आवाज येतो.

बटण दाबलं की टकटक होत नाही. किंवा टकटक होते, पण पेट घेत नाही.

नॉबच्या मागून धग येते, तिथला पत्रा काळा पडलाय किंवा चक्क तिथेच ज्योत दिसते. हे शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचण्याआधी सिलिंडर बंद करा. त्याबद्दल कोळ्यांच्या भागात सविस्तर लिहिलंय.

आधी सिलिंडरकडे बघा

हसू नका. मी दोनदा अख्खं ग्रिल खोलून बसलो होतो आणि सिलिंडर रिकामा निघाला होता. हलवून अंदाज घेऊ नका, वजन करा. बहुतेक सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. काट्यावर आलेल्या आकड्यातून ते वजा केलं की उरला तो गॅस. काटा नसेल तर लोखंडी सिलिंडरच्या एका बाजूवरून तांब्याभर गरम पाणी ओता आणि हात फिरवा. जिथवर आत द्रवरूप गॅस आहे तिथवर पत्रा गार लागतो, त्याच्या वर कोमट.

थंडीतही ज्योत मंद होते आणि लोक रेग्युलेटरला शिव्या देतात. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. त्यामुळे ब्युटेनचा वाटा जास्त असलेला सिलिंडर कडाक्याच्या थंडीत नीट वाफ देत नाही. शिवाय द्रवाची वाफ होताना सिलिंडर स्वतः गारठत जातो. सगळे बर्नर तासभर चालू ठेवले आणि सिलिंडर अर्ध्याहून रिकामा असला तर बाहेरून दव धरतो, कधी पांढरं हिमही. हा बिघाड नाही. एखादा बर्नर कमी करा, नाहीतर भरलेला सिलिंडर लावा. सिलिंडरला शेक द्यायचा विचारही मनात आणू नका.

नॉबचा क्रम, म्हणजे अर्धं दुखणं

एका गृहस्थांनी वर्षात दोन रेग्युलेटर बदलले होते. नवा लावला की ग्रिल मस्त चालायचं, आठवड्याभराने परत मंद. त्यांची खात्री पटली होती की बाजारात सगळा माल वाईट येतो. मी म्हटलं, तुम्ही ग्रिल बंद कसं करता ते दाखवा. त्यांनी खाली वाकून सिलिंडर बंद केला, ज्योती विझल्या, आणि ते उठून उभे राहिले. नॉब उघडेच.

आता काय होतं ते बघा. बऱ्याच ग्रिलच्या जोडणीत एक सुरक्षा झडप असते. पाइप फाटला किंवा निसटला तर गॅस एकदम धावतो. ते ओळखून ही झडप प्रवाह आवळते आणि अगदी थोडासाच गॅस पुढे सोडते. या गृहस्थांनी पुढच्या वेळी सिलिंडर उघडला तेव्हा नॉब आधीच उघडे होते. गॅस एकदम धावला. झडपेला वाटलं पाइप फुटला. तिने आपलं काम चोख केलं, आणि ग्रिलच्या वाट्याला आली ती बुटकी ज्योत.

नवा रेग्युलेटर लावल्यावर चालायचं ते याच कारणाने. बदलताना जुना काढावा लागतो, सगळं बंद करावं लागतं, आणि त्यात झडप आपोआप मूळ जागी येते. गुण नव्या वस्तूचा नव्हता, जुनी सोडवण्याचा होता.

तेच फुकटात असं करा. सिलिंडर बंद. ग्रिलचे सगळे नॉब बंद. रेग्युलेटर सिलिंडरवरून सोडवा. झाकण उघडं ठेवून ग्रिलचे नॉब मिनिटभर पूर्ण उघडा, म्हणजे पाइपमध्ये कोंडलेला दाब निघून जाईल. जवळपास कुठेही ज्योत, विडी-सिगारेट नको. मग नॉब बंद करा, रेग्युलेटर परत बसवा आणि सिलिंडर हळूहळू, अगदी सावकाश उघडा. थोडं थांबा. आता झाकण उघडंच ठेवून एक बर्नर पेटवा.

मला आलेल्या फोनांपैकी निम्मे इथेच संपतात. यापुढे पेटवताना आधी सिलिंडर सावकाश, मग नॉब. बंद करताना आधी नॉब, मग सिलिंडर. तुमच्या जोडणीत अशी झडप नसली तरी हा क्रम पाळण्यात तोटा काहीच नाही.

साबणाचं पाणी

वर सांगितलेलं करूनही झडप पुन्हा आवळत असेल तर तिला खरंच गळती जाणवत असण्याची शक्यता आहे. भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. ग्रिलचे नॉब बंद, सिलिंडर उघडा, आणि ब्रशने सिलिंडरच्या तोंडापासून रेग्युलेटर, पाइप, ग्रिलकडची जोडणी असं सगळीकडे लावत जा. एका जागी निदान दहा सेकंद बघा. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळतीचा बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढा असतो आणि सावकाश फुगतो, म्हणून नजर हलवायची नाही.

जोडणीवर बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करून ती सोडवा, आतली रबरी रिंग किंवा वॉशर फाटलाय का पाहा, बदला, परत घट्ट करा, परत तपासा. पाइपच्या अंगावरच बुडबुडे आले तर पाइप बदला. चिकटपट्टी गुंडाळलेला पाइप मी पाहिलेला आहे आणि तो पाहून जिथे होतो तिथूनच दोन पावलं मागे सरकलो होतो. पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर गळतीची वाट न पाहता नवा घ्या. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत, त्यांच्यातले तुम्ही नसाल असं धरून चालतो.

ठिणगीचं प्रकरण

हे पटकन उरकू. बॅटरीवर चालणारं बटण असेल तर सेल बदला. सेल उलटा बसवलेला असणं हे कारणही माझ्या वहीत दोनदा आहे. बटण दाबताना अंधारात बघा: ठिणगी चिनी मातीच्या दांड्याच्या टोकातून बर्नरकडे उडायला हवी. टोकावर चरबी चढली असेल तर पुसा. दांड्याला तडा असेल तर ठिणगी तिथूनच पत्र्यात पळते, मग इलेक्ट्रोडच बदलावा लागतो. टोक आणि बर्नर यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावं.

एक गोष्ट मात्र पाठ करा. चार-पाच सेकंदात पेटलं नाही तर नॉब बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं थांबा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, तो वर उडून न जाता ग्रिलच्या पोटात साचतो. झाकण लावून पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्यांच्या भुवया जळतात त्या यामुळे.

कोळी

आता हात काळे होणार. सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढून ठेवा, ग्रिल पूर्ण गार होऊ द्या. जाळ्या काढा, त्याखालचे चरबी अडवणारे तिरके पत्रे काढा. बर्नर बहुधा मागच्या टोकाला एका स्क्रूने किंवा पिनेने धरलेले असतात. ते सुटलं की बर्नर मागे सरकवून वर उचलता येतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मी पहिल्यांदा घेतला नव्हता आणि एक संध्याकाळ त्यात घालवली होती.

बर्नरचं नॉबकडचं टोक म्हणजे व्हेंचुरी नळी. जेटमधून, म्हणजे नॉबमागच्या व्हॉल्व्हच्या टोकाला असलेल्या बारीक भोकाच्या पितळी तोंडातून, गॅस जोराने आत शिरतो आणि शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. प्रोपेन पूर्ण जळायला त्याच्या सुमारे २४ पट हवा लागते, म्हणजे या नळीतून जे जातं त्यात गॅस थोडा आणि हवाच जास्त असायला हवी. आणि नेमकं हेच तोंड कोळ्यांना आवडतं. निवाऱ्याची, अंधारी, बोटभर रुंद नळी. गॅसला दिलेल्या वासाकडे ते ओढले जातात असंही सांगतात. इंधनाच्या नळ्यांशी त्यांचं काहीतरी आहे खरं: २०११ मध्ये माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेतल्या हजारो मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण इंधनटाकीच्या हवा सोडणाऱ्या नळीत कोळी जाळं विणत होता.

टॉर्च एका टोकाला धरा आणि दुसरीकडून बघा. स्वच्छ नळीत उजेडाचं गोल वर्तुळ दिसतं. कोळ्याने घर केलं असेल तर मध्ये धुक्यासारखा पांढुरका पडदा दिसतो, कधी कापसाच्या बोळ्यासारखी अंड्यांची पिशवी. मागच्या वेळी मी बाहेर काढलेलं जाळं चिमटीत मावलं असतं आणि त्यात एक वाळकी माशी होती. तेवढ्याने अख्खा बर्नर गार पडला होता. काही वेळा मातीचं घर करणाऱ्या कुंभारमाशीची करामत असते, ती मात्र टोकरून काढावी लागते.

बाटली धुण्याचा लांब, वाकणारा ब्रश आरपार फिरवा. मग नळी आपटा, पुन्हा टॉर्च.

ज्या लक्षणावर मी सिलिंडर बंद करायला सांगितलं ते याचंच भयंकर रूप. जाळ्यामुळे गॅसला पुढे वाट मिळाली नाही तर तो नळीच्या तोंडाशी मागे फिरतो आणि तिथेच, नॉबच्या मागे पेटतो. नॉब वितळतात, पाइप भाजतो. असं एकदा जरी झालं असेल तर नळी साफ करून ग्रिल लगेच वापरात आणू नका. पाइप, नॉबमागची व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर जाणकाराला दाखवा.

बर्नर परत बसवताना व्हेंचुरीचं तोंड जेटवर नीट चढलंय याची खातरी करा. जेट नळीच्या आत, मधोमध. बाजूला राहिलं तर गॅस बर्नरमध्ये न जाता पॅनेलच्या पोटात सुटतो. सफाईनंतर ग्रिल जास्तच बिघडलं असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा इथेच वाकून बघतो.

बर्नरची भोकं

बर्नर बाहेर आलाच आहे तर त्याची भोकं बघा. अर्धवट पेटणाऱ्या बर्नरचं कारण बहुधा इथे असतं: चरबी ओघळून भोकावर वाळते. ब्रश भोकांच्या रांगेला आडवा मारा. रांगेच्या दिशेने मारला तर कचरा एका भोकातून निघून पुढच्यात जातो. बुजलेलं भोक कागद धरायच्या पिनेच्या तारेने मोकळं करा, पण रुंद करू नका. दात कोरायची काडी वापरू नका, ती आत मोडते. दोन शेजारची भोकं गंजून एक झाली असतील, किंवा बर्नरच्या कुशीला चीर असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका. तो बर्नर संपला. नवा घेताना लोहचुंबक लावून बघा: स्वस्त ४३० जातीच्या स्टीलला तो चिकटतो, ३०४ ला जवळपास चिकटत नाही आणि ते गंजाला जास्त टिकतं.

जेटला मात्र हात लावायचा नाही. पितळ मऊ असतं, सुई घातली की भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. फार तर बाहेरून मऊ ब्रश फिरवा.

हवेची चकती

नळी स्वच्छ, भोकं मोकळी, तरी ज्योत पिवळी? व्हेंचुरीच्या तोंडाशी बऱ्याच ग्रिलमध्ये पत्र्याची एक फिरती चकती असते, ती हवा कमी-जास्त करते. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी, चकती थोडी उघडा. ज्योत बर्नर सोडून फुरफुरत असेल तर हवा जास्त, थोडी मिटा. थोडी म्हणजे एकावेळी दोन मिलिमीटर, आणि दरवेळी ग्रिल बंद करून, गार झाल्यावर. टोकाला किंचित पिवळी झाक असलेली निळी ज्योत चालते, तिच्या मागे लागू नका. पूर्ण पिवळी ज्योत चालवून घेऊ नका. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तसंही हे ग्रिल घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत चालवायचं नाही, ज्योत कितीही निळी असो.

मग घासायचं काय?

घासणं वाया जात नाही, फक्त ते या दुखण्याचं औषध नाही. वापरून झाल्यावर झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर तापवा, अन्न जळून राख होतं, मग खरवडा. तेवढ्यापुरतंच, ग्रिल तसंच सोडून आत जाऊ नका. झाकणाच्या आतून पापुद्रे गळायला लागले की लोक रंग निघतोय म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा तो रंग नसतो, जळून कडक झालेला धूर आणि चरबी असते. ब्रशने झाडून टाका.

खालचा चरबीचा ट्रे मात्र दर दोन-तीन वापरांनी रिकामा कराच. तो पेटला तर पाणी टाकायचं नाही. हात सुरक्षित पोचत असेल तर नॉब आणि सिलिंडर बंद करून झाकण लावायचं. ज्वाळा आटोक्याबाहेर असतील तर दूर होऊन अग्निशमन दलाला फोन. ट्रे साफ ठेवायच्या आळसाने ग्रिलच्या तळाला अॅल्युमिनियमची फॉइल अंथरू नका, हवेची भोकं झाकली जातात आणि चरबी तिच्यावरच तळी करते. ओव्हन साफ करायचे तिखट क्षार असलेले फवारेही नकोत. ग्रिलचं खोकं पुष्कळदा ओतीव अॅल्युमिनियमचं असतं, ते खाल्लं जातं. गरम पाणी, साबण, प्लास्टिकचं खरवडणं पुरतं.

आणि तारेचा ब्रश. २०१६ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी अंदाज काढला की २००२ ते २०१४ या काळात अमेरिकेत १,६०० हून अधिक लोकांना ब्रशची तुटलेली तार पोटात किंवा घशात गेल्यामुळे तातडीच्या विभागात जावं लागलं. तार केसाएवढी असते, अन्नाला चिकटली तर दिसत नाही. मी आता लाकडी खरवडणं वापरतो. ब्रशच वापरायचा असेल तर नंतर ओल्या कापडाने जाळी पुसा आणि कापडाकडे बघा.

हात कुठे आवरायचा

रेग्युलेटर खोलायचा नाही. तो दुरुस्त करायची वस्तूच नाही. बिघडला असं वाटलं तर त्याच दाबाचा, तुमच्या ग्रिलला चालणारा नवा. त्याच्या अंगावरचं हवेचं बारीक भोक बाहेरून पुसा, पण त्यात काही खुपसू नका.

नॉबमागची व्हॉल्व्ह फिरायला जड झाली, किंवा नॉब बंद असताना बर्नरशी वास येतो: व्यावसायिक. सिलिंडरच्या तोंडाशी साबणाचे बुडबुडे, किंवा सिलिंडर पोखरल्यासारखा गंजलेला: गॅस वितरकाला कळवा, तोवर तो उघड्यावर, उभा, ज्योतीपासून लांब. नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर सिलिंडरचं ग्रिल चालवायचं असेल तर जेट आणि दाब दोन्ही बदलतात, ते काम घरी होत नाही. वर लिहिलेलं सगळं करून ज्योत तरीही बुटकी राहिली तर दाब मोजावा लागतो. त्याचं यंत्र तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

वास येतोय पण साबणाला काही सापडत नाही, अशा वेळी शोधत बसू नका. सिलिंडर बंद करता येत असेल तर करा, माणसं लांब न्या, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि लांब जाऊन फोन लावा.

कारागिराला बोलावलंत तर काय काय करून झालंय ते आधीच सांगा: वजन पाहिलं, झडप मूळ जागी आणली, साबण लावला, नळीतून उजेड दिसतो. नाहीतर तो पहिला अर्धा तास याच गोष्टींत घालवेल, आणि त्याचे पैसे तुम्हीच द्याल.